शिकागोचं चॅनेल ९ कोणी खाल्लं? सुपरस्टेशनने की घरच्यांनी?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)
शेजारच्या धाग्यावर कोणीसं ठोकून दिलंय की डब्ल्यूजीएन (म्हणजेच शिकागोचं चॅनेल ९) देशभर दिसायच्या हावेने उपग्रहावर चढलं, केबलवर सगळीकडे दिसणारं 'सुपरस्टेशन' झालं आणि शिकागोच्या प्रेक्षकाला मुकलं. वर त्याला चार जणांचं +१. तिथे उत्तर लांबायला लागलं म्हणून वेगळा धागा.

मुळात चढलं कोण? नोव्हेंबर १९७८ मध्ये टल्साच्या युनायटेड व्हिडिओ कंपनीने चॅनेल ९ चं प्रक्षेपण हवेतून उचललं आणि उपग्रहावर टाकलं. स्टेशनची परवानगी लागतच नव्हती, कारण १९७६ च्या कॉपीराइट कायद्याने केबलवाल्यांना सक्तीचा परवाना दिला होता: ठरलेली रॉयल्टी कॉपीराइट ऑफिसात भरायची आणि दूरचं स्टेशन दाखवायचं. रॉयल्टी कार्यक्रमांच्या हक्कदारांत वाटली जायची, आणि केबलवाले दर घरामागे जे काही सेंट मोजायचे ते युनायटेड व्हिडिओच्या खिशात. टेड टर्नरने अटलांटाचं चॅनेल १७ स्वतः होऊन वर नेलं, ती गोष्ट वेगळी. दोघांना एका दावणीला बांधू नका.

आणि हे वाचा. डब्ल्यूजीएन रात्री नऊच्या बातम्यांसोबत पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत टेलिटेक्स्ट, म्हणजे वाचायचा मजकूर, पाठवायचं. युनायटेड व्हिडिओ तो काढून तिथे डाऊ जोन्सच्या बातम्या भरायचं. स्टेशन कोर्टात गेलं आणि १९८२ मध्ये अपिलात जिंकलं: उचलताय तर जसंच्या तसं उचला. हावरट स्टेशन असं भांडतं होय?

खवचट_काका
अरेरे, बिच्चारं डब्ल्यूजीएन! डोळे पाणावले.

आता पुढचं पान उलटा. स्टेशन ट्रिब्यून कंपनीचं. १९८१ मध्ये त्याच कंपनीने शिकागो कब्ज ही बेसबॉल टीम विकत घेतली. त्यांच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, ऑगस्ट १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, म्हणजे घरचे सगळे सामने दिवसा. शाळेतून आलेली पोरं देशभर केबलवर काय बघणार? कब्ज आणि १९८२ पासून समालोचक हॅरी केरी. टीमही आपली, स्टेशनही आपलं, आणि जाहिरात फुकट!

१९९० मध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगने सुपरस्टेशनवरच्या सामन्यांची मर्यादा २५ वरून २० वर आणली, तेव्हा कोर्टात कोण धावलं? शिकागो बुल्स ही बास्केटबॉल टीम आणि हेच डब्ल्यूजीएन. बळेच घोड्यावर बसवलेला नवरा उतरवू नका म्हणून फिर्याद करत नाही.

सुगरणीचा_खोपा
कोर्टकचेऱ्या पुरे. चॅनेल ९ वरच्या विदूषकाच्या कार्यक्रमाबद्दल, 'बोझोज सर्कस'बद्दल, कोणी अवाक्षर काढेल का?

सप्टेंबर १९६१ पासून भर दुपारी तासभर थेट प्रक्षेपण, कारण पोरं तेव्हा जेवायला घरी यायची. स्टुडिओत दोनशेवर प्रेक्षक आणि तेरा वादकांचा बँड. ग्रँड प्राइझ गेममध्ये एकामागे एक सहा बादल्या. पडद्यावर बाण फिरवून प्रेक्षकांतला एक मुलगा आणि एक मुलगी निवडायचे. रेषेवरून पिंगपाँगचा चेंडू पहिल्या बादलीपासून क्रमाने टाकायचा, एक चुकली की खेळ संपला. चेंडू हलका, त्यामुळे जोर लावला की टप्पा घेऊन बाहेर. सहावीत चांदीचे डॉलर, रोज एकाची भर, कोणी जिंकेपर्यंत. वर सायकल. पोस्टकार्डांतून निवडलेल्या घरबसल्या पोरालाही तीच बक्षिसं.

हा कार्यक्रम उपग्रहाने मारला नाही. १९९४ मध्ये स्टेशनने सकाळच्या बातम्या काढल्या आणि बोझोला रविवारी ढकललं. मग १९९७ पासून दर स्टेशनला आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांचा नियम आला, आणि विदूषकाला मास्तर व्हावं लागलं. २००१ मध्ये खेळ खलास. बातम्यांना बँड लागत नाही, एवढंच त्यातलं गणित.

उंटावरचा
पाटीपेन्सिल, इतकं बिचारं स्टेशन, तर सुरक्षेचं काय? १९८७ मध्ये कोणीतरी त्यांचा उपग्रहच हॅक केला आणि मॅक्स हेडरूम या टीव्हीवरच्या पात्राचा मुखवटा घालून बातम्यांत घुसला.

अँटेनावाला
उपग्रह नाही हो, उपग्रह नाही! दर वेळी तेच. उपग्रह दाबला तो १९८६ मध्ये 'कॅप्टन मिडनाइट'ने, एचबीओ या केबल चॅनेलचा, तोही उपग्रहाकडे सिग्नल पाठवणाऱ्या केंद्रातल्या भल्यामोठ्या डिशवरून.

इथे दाबली ती स्टुडिओपासून हॅनकॉक टॉवरवरच्या ट्रान्समीटरपर्यंतची मायक्रोवेव्ह लिंक. ती एफएमवर चालते. एफएम रिसीव्हर दोन सिग्नलांची खिचडी करत नाही, जो पुरेसा जोरात असेल तो पकडतो आणि दुसरा गिळतो. फ्रीक्वेन्सी जुळली, पोलरायझेशन (लहरींची आडवी-उभी दिशा) जुळलं, टॉवरवरची डिश समोर दिसते अशी जागा सापडली की वॅट फार लागत नाहीत. स्टुडिओच्या एकदशांश अंतरावर उभे राहा, स्टुडिओच्या ताकदीच्या शंभराव्या हिश्श्याहून थोडी जास्त पुरते. २२ नोव्हेंबरला रात्री ९:१४ ला खेळाच्या बातम्यांत तो घुसला, अर्ध्या मिनिटाच्या आत इंजिनिअरांनी लिंकची फ्रीक्वेन्सी बदलली आणि तो बाहेर. याला सुरक्षाच म्हणतात.

उंटावरचा
मग दोन तासांनी डब्ल्यूटीटीडब्ल्यूवर, म्हणजे शिकागोच्याच चॅनेल ११ वर, दीड मिनिट कसा टिकला? आतल्याच माणसाचं काम. फ्रीक्वेन्सी रस्त्यावर मिळते का?

अँटेनावाला
टिकला कारण त्यांचा ट्रान्समीटर सीअर्स टॉवरवर आणि त्या वेळी तिथे बटण दाबायला इंजिनिअर नव्हता. आणि आतला माणूस म्हणता, तर चॅनेल ९ वर आवाज का नाही आला? नुसती गुरगुर होती. अशा लिंकवर आवाज सहसा वेगळ्या उपवाहकावर, म्हणजे मुख्य सिग्नलवर लादलेल्या दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर, असतो. तो चुकला की चित्र येतं, बोलणं नाही. रोज ती लिंक हाताळणारा तिथे चुकेल?

उंटावरचा
आणि दोन तासांत दुरुस्त करून चॅनेल ११ वर बोलला, तो काय भाजीवाला होता?

अँटेनावाला
दुसरं स्टेशन, दुसरी लिंक, दुसरा उपवाहक. दुरुस्त केलं असं नाही, तिथे जुळलं असेल. माणूस आजतागायत सापडलेला नाही, तुम्हाला मात्र पत्ता माहीत. कळवा ना एफबीआयला.

उंटावरचा
भाषा सांभाळा.

सुगरणीचा_खोपा
तीस सेकंदांच्या मुखवट्यावर धागा वाहवला. चाळीस वर्षांच्या बोझोला एक प्रतिसाद नाही.

पाटीपेन्सिल
काका, बुल्सचा खटला मान्य. फुकटचं गिऱ्हाईक कोण सोडतो? पण माझा मुद्दा शिकागोच्या प्रेक्षकाचा आहे. १ जानेवारी १९९० पासून सिंडेक्स लागू झालं: एखाद्या गावातल्या स्टेशनकडे मालिकेचे एकहाती हक्क असतील तर बाहेरून येणारी तीच मालिका केबलवाल्याने झाकायची. म्हणून देशभरच्या फीडवर त्या वेळांत दुसरेच कार्यक्रम घालू लागले. कात्री लागली ती बाहेरच्या फीडला. शिकागोत काय बदललं?

खवचट_काका
शिकागोत १९९५ ला चॅनेल ९ वर डब्ल्यूबी हे देशव्यापी नेटवर्क आलं आणि त्याच्या कार्यक्रमांच्या रात्री सिनेमे बाजूला सरकले. तेच डब्ल्यूबी ऑक्टोबर १९९९ पर्यंत देशभरच्या फीडवरही चालवलं. तेही युनायटेड व्हिडिओने झोपेत सही घेऊन? सिंडेक्सचं घ्या तुम्हाला, पदरात बांधून ठेवा.

पाटीपेन्सिल
नेटवर्क घेणं आणि उपग्रहावर असणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. २०१६ मध्ये नेटवर्क सोडलं तेव्हा सुपरस्टेशन उरलंच नव्हतं. देशभरचं ते फीड, डब्ल्यूजीएन अमेरिका, २०१४ च्या अखेरीपासून साधं केबल चॅनेल होतं. तरी २०१९ नंतर कब्ज गेलेच. का? ट्रिब्यूनने २००९ मध्ये टीम रिकेट्स कुटुंबाला विकली आणि नव्या मालकांनी सिंक्लेअर या प्रसारण कंपनीबरोबर मार्की हे स्वतःचं खेळाचं चॅनेल काढलं. १९४८ पासूनचे सामने टीमच्या मालकीने गेले. त्यात उपग्रह कुठे बसतो ते दाखवा.

अँटेनावाला
जाता जाता: चॅनेल ९ आता प्रत्यक्षात यूएचएफ (आखूड लहरींचा पट्टा) १९ वर आहे, अर्धतरंग साधारण ३० सेंटीमीटर, खिडकीला चिकटवलेली चपटी अँटेना पुरते. सीबीएस नेटवर्कचं चॅनेल २ व्हीएचएफ (लांब लहरींचा पट्टा) १२ वर, त्याला ७२ सेंटीमीटर हवेत. "नऊ येतं, दोन येत नाही" म्हणून टीव्ही बदलू नका. दांड्या असलेली अँटेना घ्या आणि पुन्हा स्कॅन करा.

खवचट_काका
एवढ्या धाग्यात कामाचं एवढंच निघालं.