मदत हवी आहे: गावात 'कुम्माट्टी' दाखवायचा आहे, निवेदन कसं करावं?

आर्णी तालुक्यातल्या एका गावात, समाजमंदिरासमोर, दिग्दर्शक जी. अरविंदन यांचा 'कुम्माट्टी' (1979) हा सिनेमा दाखवायचा आहे. भाषा मल्याळम. पोरांना जनावरं करणारा म्हातारा आणि कुत्राच राहून गेलेला मुलगा, ही गोष्ट आपल्याकडे सहज लागेल असं वाटतं.

मराठी सबटायटल तयार आहेत. प्रोजेक्टरला पेनड्राइव्ह लावला की जोडाक्षरं तुटतात, काही ठिकाणी नुसते चौकोन. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेयरमध्ये यूटीएफ-8 एन्कोडिंग आणि निर्मला फाँट दिल्यावर नीट दिसतं, तेव्हा तो प्रश्न मिटला. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे.

खरी अडचण पुढची. निम्म्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, लहान पोरं सबटायटलच्या वेगाला पुरत नाहीत. माइकवरून वऱ्हाडीत सांगून पाहिलं, पण कावालम नारायण पणिक्कर यांची गाणी त्याखाली दबली. अन् या सिनेमाचा अर्धा जीव गाण्यांत आहे. डबिंग करायचं नाही. हक्कधारकांकडे परवानगी मागितली आहे, त्यामुळे सिनेमाच्या लिंक नकोत.

ज्यांनी असं थेट निवेदन केलंय त्यांनी सांगावं: प्रत्येक संवाद सांगायचा, की प्रसंग सुरू होण्याआधी दोन वाक्यांत गोषवारा देऊन गप्प बसायचं? आणि बोलताना मिक्सरवर सिनेमाचा आवाज किती खाली घ्यायचा?