मदत हवी आहे: शेल स्क्रिप्टने नेक्स्टक्लाउड पुन्हा बसवायचं आहे, डेटा न घालवता

आडवी_रेघ
घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू २२.०४, त्यावर डॉकर कंपोजने (प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) नेक्स्टक्लाउड २८ (घरच्या घरी चालवायचं क्लाउड) आणि त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस १५. एका अ‍ॅपच्या अपडेटनंतर नुसता 'इंटर्नल सर्व्हर एरर' येतो, लॉगिनचं पानही उघडत नाही. आत १८० जीबी फोटो, शिवाय घरच्या सगळ्यांची कॅलेंडरं आणि संपर्क. पुसून नव्याने बसवणारी एक स्क्रिप्ट मिळाली आहे. कामाच्या ओळी एवढ्याच (टंकताना अर्थातच रोमनमध्ये):

डॉकर कंपोज डाउन -व्ही
आरएम -आरएफ $बेस/*
डॉकर कंपोज पुल
डॉकर कंपोज अप -डी

इमेजचा (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, 'लेटेस्ट' आहे. फोटो वेगळ्या डिस्कवर, डेटाबेस डॉकरच्या नेम्ड व्हॉल्यूममध्ये (डॉकर स्वतः सांभाळतो तो साठा). फोटो सुरक्षित आहेत म्हटल्यावर चालवायला हरकत नाही ना?

पाइपफेल
अजिबात चालवू नका. पहिल्या ओळीतला -व्ही नेम्ड व्हॉल्यूम पुसतो, म्हणजे तुमचा डेटाबेस गेला. फोटो फायलींच्या रूपात राहतील, पण कॅलेंडर, संपर्क, शेअर केलेल्या लिंका हे सगळं फक्त डेटाबेसमध्ये असतं. फोटोंच्या फोल्डरवरून ते परत उभं करता येत नाही.

दुसरी ओळ त्याहून वाईट. काही कारणाने 'बेस' हे चलक (व्हेरिएबल) रिकामं राहिलं तर ती थेट रूटखालचं सगळं पुसायला घेते. आरएमला रूट वाचवायची सवय असते हे खरं, पण ती नुसत्या '/' पुरती. पुढे तारा आला की शेल आधीच त्याचा विस्तार करून बिन, एटसी, होम अशी यादी आरएमच्या हातात देतो. २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये हीच चूक सापडली होती.

तिसरी: 'लेटेस्ट'. नेक्स्टक्लाउड एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढतं. २८ वरून एकदम पुढची कुठली तरी आली की कंटेनर सुरू व्हायलाच नकार देतो. टॅग २८ वर बांधून ठेवा, पोस्टग्रेसचाही १५ वर. १५ च्या डेटा फोल्डरवर १६ चालत नाही.

डब्ल्यूडब्ल्यूडेटा
मुळात पुन्हा बसवायची गरज आहे का? कंटेनर टाकाऊच असतो, तो नवा केल्याने बिघडलेलं अ‍ॅप सुधारत नाही, कारण ते व्हॉल्यूममध्ये आहे. आधी नेक्स्टक्लाउड डॉट लॉगच्या शेवटच्या ओळी बघा, अ‍ॅपचं नाव तिथे सापडेल. मग ओसीसीने (नेक्स्टक्लाउडचं कमांड-लाइनवरचं साधन) 'अ‍ॅप:डिसेबल' द्या. ओसीसीही कोसळत असेल तर 'कस्टम_अ‍ॅप्स'मधून त्या अ‍ॅपचं फोल्डर बाहेर हलवा. हलवा म्हणतोय, पुसा नाही.

तरी आधी बॅकअप घ्या. क्रम असा: मेंटेनन्स मोड चालू, क्रॉनचा (ठरल्या वेळी कामं चालवणारा) कंटेनर वेगळा असेल तर तोही बंद, मग पीजी-डंप (डेटाबेसची फाइलमध्ये प्रत), मग कॉन्फिग आणि डेटा फोल्डर. ओसीसी चालतच नसेल तर मेंटेनन्स मोड कॉन्फिग डॉट पीएचपीमध्ये हाताने चालू करा. या फाइलमधला 'सीक्रेट' आणि 'इन्स्टन्स आयडी' हरवले की डेटाबेस परत आणूनही फोन आणि लॅपटॉपवरची सगळी लॉगिन तुटतात.

बाहेरची डिस्क एक्सफॅट असेल तर फायली नुसत्या उतरवू नका, मालकी आणि परवानग्या जातात. टारमध्ये बांधून ठेवा, '--न्युमरिक-ओनर' लावून. डेबियनवर आधारलेल्या इमेजमध्ये मालकाचा क्रमांक ३३ असतो, अल्पाइनमध्ये ८२. ही इमेज अधेमधे बदलली की 'परमिशन डिनाइड'चा पाऊस पडतो.

आडवी_रेघ
बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली: कंपोज एक्झेकने पीजी-डंप, पुढे पाइप करून जीझिप. शेवटी 'बॅकअप झाला' असंही छापलं. पण फाइल फक्त २० बाइटची आहे. घर छोटं असलं तरी इतकं छोटं नाही!

पाइपफेल
२० बाइट म्हणजे जीझिपने शून्य ऐवज बांधून दिला. डंप फसला, पण पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो आणि जीझिप बिचारा यशस्वी झाला. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ईयूओ पाइपफेल' घाला. ई म्हणजे चुकलं की थांब, यू म्हणजे न ठरवलेलं चलक वापरलं की थांब, आणि 'ओ पाइपफेल' म्हणजे पाइपमधली कुठलीही आज्ञा फसली तर सगळा पाइप फसला असं धर. पण ठरवलेलं आणि रिकामं चलक यू पकडत नाही, म्हणून पुसण्याच्या ओळीत महिरपी कंसात 'बेस:?' असं लिहा.

डंप फसायचं कारण बहुधा वापरकर्त्याचं नाव. कंपोजमध्ये 'पोस्टग्रेस_यूजर' वेगळं दिलं असेल तर 'पोस्टग्रेस' नावाचा रोल (डेटाबेसमधला वापरकर्ता) तिथे नसतोच. एक्झेकला मोठा -टी लावा. डंप झाल्यावर 'जीझिप -टी' (इथे छोटा), आणि उलगडून शेवटच्या काही ओळींत 'डेटाबेस डंप कम्प्लीट' दिसतंय का ते डोळ्यांनी बघा.

याला क्षुल्लक समजू नका. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसचं फोल्डर चुकून पुसलं गेलं, तेव्हा कळलं की पीजी-डंपचे बॅकअप होतच नव्हते. डेटाबेस ९.६ होता, डंपचं साधन ९.२ चं.

आडवी_रेघ
नाव बदलल्यावर ३१ एमबीची फाइल आली, शेवटची ओळही दिसते. पण कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा वापरकर्ता 'ओसी_अ‍ॅडमिन' आहे, कंपोजमध्ये 'नेक्स्टक्लाउड'. हे बरोबर आहे?

डब्ल्यूडब्ल्यूडेटा
बरोबर आहे. पहिल्यांदा बसताना नेक्स्टक्लाउडने स्वतःसाठी वेगळा रोल बनवून घेतला. मात्र पीजी-डंपमध्ये रोल येत नाहीत, त्यामुळे नव्या डेटाबेसमध्ये भरताना 'रोल ओसी_अ‍ॅडमिन डझ नॉट एक्झिस्ट' येईल. 'पीजी-डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली' घेऊन ती फाइल आधी भरा, मग डंप.

भरून बघायला जुनं काही पुसावं लागत नाही. कंपोज फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, पोर्ट बदला, बाइंड माउंटचे (कंटेनरला थेट जोडलेल्या फोल्डरांचे) रस्ते नव्या जागी वळवा (हे विसरलात तर चाचणीचा कंटेनर खऱ्या फोटोंवरच बसेल), आणि '-पी चाचणी' (प्रोजेक्टचं वेगळं नाव) देऊन उभं करा. कॉन्फिगची प्रत मेंटेनन्स मोडमध्ये घेतलेली आहे, तेव्हा तो बंद करा, नाहीतर रिस्टोअर फसलं असं वाटेल. एखादं कॅलेंडर आणि एखादी शेअर-लिंक उघडून बघा.

खऱ्या जागी रिस्टोअर केलंत तर 'मेंटेनन्स:डेटा-फिंगरप्रिंट' चालवा, म्हणजे फोन-लॅपटॉपवरचे क्लायंट जुना डेटा परत आलाय हे ओळखतात आणि नव्या फायली निमूटपणे पुसत नाहीत.

आडवी_रेघ
लॉगमध्ये अ‍ॅपचं नाव सापडलं. ओसीसी चालत नव्हतं, म्हणून फोल्डर बाहेर हलवलं. लॉगिनचं पान आलं. ती स्क्रिप्ट उडवली. चाचणीचं रिस्टोअर रविवारी करून इथेच कळवते.