कॉपीलेफ्टला मराठीत काय म्हणावं? आणि ‘परमिसिव्ह’ला?

टाकबोरू:
मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत प्रकल्पाचं माहितीपान मराठीत करतोय. एमआयटी परवाना घ्यायचा (‘परमिसिव्ह’: बदलून वापरा, सोर्स म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता गुप्त ठेवलीत तरी चालेल) की जीपीएल (‘कॉपीलेफ्ट’: बदलून वाटलंत तर तीही त्याच परवान्याखाली खुली ठेवा), यावरून तिथे आधीच दोन तट पडलेत. त्यांचं भांडण त्यांना लखलाभ, माझी अडचण शब्दांची आहे. ‘परमिसिव्ह’ला ‘सैल परवाना’ लिहिलं तर एमआयटीवाले खवळले: सैल म्हणजे काय, चारित्र्याने का! ‘कॉपीलेफ्ट’ तर तसाच सोडलाय. काही सुचतंय?

लोणकढी:
‘बिनअटी’ करा की.

टाकबोरू:
नाही चालणार. एमआयटीतही अट आहेच. मूळ हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर पुढच्या प्रतीत राहावा लागतो.

खवचट खंडेराव:
मग ‘मुभेचा परवाना’. आणि कॉपीलेफ्टला ‘डावा प्रत्यधिकार’.

पाटीपेन्सिल:
प्रताधिकार! प्रत अधिक अधिकार. ‘प्रति’ धरलंत तर संधीही वेगळा आणि अर्थही. शिवाय डावा कशाला? मराठीत डावं म्हणजे कमी प्रतीचं. डावं-उजवं कोण करतं ते घरातल्या धाकट्या सुनेला विचारा. इंग्रजीतली गंमत दुहेरी आहे, राइटच्या उलट लेफ्ट आणि शिवाय ‘सोडलेलं’. १९८०च्या दशकात डॉन हॉपकिन्स यांनी पुढे जीपीएल लिहिणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनना धाडलेल्या पाकिटावर ‘ऑल राइट्स रिझर्व्ह्ड’ची टर उडवून ‘ऑल राइट्स रिव्हर्स्ड’ लिहिलं होतं, शेजारी ‘कॉपीलेफ्ट’. स्टॉलमननी तो शब्द उचलला. अशी कोटी मराठीत नव्यानेच करावी लागणार.

खवचट खंडेराव:
‘हक्कसोड परवाना’?

आजोळचा:
ते वाचून तलाठी कार्यालय आठवलं. वडिलोपार्जित जमिनीवर बहिणींच्या सह्या घेतात ना, ते हक्कसोडपत्र. आणि कॉपीलेफ्टमध्ये हक्क सोडत नाहीत, हीच तर मेख आहे! लेखक प्रताधिकार घट्ट धरून ठेवतो आणि त्याच्या जोरावर अट घालतो: बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर सोर्सही द्या, त्याच परवान्याखाली. घरच्या घरी बदलून वापरलात तर जीपीएल विचारायला येत नाही. पैसे घेऊन विकायलाही आडकाठी नाही.

सायली_ऑफलाइन:
आमच्या ऑफिसातल्या वकीलबाई जीपीएलला ‘संसर्गजन्य’ म्हणतात. मी त्यांना म्हटलं, विरजण म्हणा. चमचाभर घातलं की पातेलंभर दुधाचं दही. ‘विरजण परवाना’ कसा वाटतो?

लोणकढी:
झकास! आणि परमिसिव्ह म्हणजे साखर. तुमच्या दुधात ढवळा, बासुंदी करा, पाककृती गुप्त ठेवा. डब्यावर साखरवाल्याचं नाव लिहिलं की झालं.

पाटीपेन्सिल:
‘उत्साहावर विरजण पडलं’ हे विसरलात? जीपीएलच्या विरोधकांच्या हाती आयतं कोलीत.

खवचट खंडेराव:
मुळात हा अट्टाहास का? लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा १९९२पासून जीपीएलवर आहे. त्यात काम करणारी आपली पोरं सरळ कॉपीलेफ्ट म्हणतात, कुणाचं अडत नाही.

पाटीपेन्सिल:
उद्या महापौरालाही मेयर म्हणा, कुणाचं अडणार नाही.

खवचट खंडेराव:
तुम्ही ‘परवाना’ बिनदिक्कत लिहिता, तो फारसी. आधी तिथे ‘अनुज्ञप्ती’ लिहा. आरटीओत जाऊन मागून बघा एकदा. लोक तिथे ‘लायसन’ काढतात.

पाटीपेन्सिल:
फारसी शतकानुशतकं मुरलीय. शिवकाळात फारसीला संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी हे शब्द हलले नाहीत. मुरलेलं काढायला मी सांगत नाही, नवं ओतताना बघून ओता म्हणतोय.

आजोळचा:
मुरण्यावरून आठवलं. माझी आजी विरजणाला मुरवण म्हणायची. उत्साहावर मुरवण पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ‘मुरवण परवाना’ घ्या, अपशकुन टळेल.

सायली_ऑफलाइन:
मग एलजीपीएल, जीपीएलचं सौम्य भावंड, म्हणजे अदमुरं! लायब्ररीपुरतं, म्हणजे इतर प्रोग्रामांना जोडायच्या तयार भागापुरतं लागतं, तिला जोडलेला प्रोग्राम दूधच राहतो.

लोणकढी:
अदमुरं म्हणजे अर्धं मुरलेलं असंच ना? आमच्याकडे तर गोडसर ताज्या दह्याला म्हणतात. आणि मुरवण संपलं तर कोमट दुधात मिरचीची देठं टाकायची, लागतं.

टाकबोरू:
मंडळी, पान उद्या द्यायचंय. ‘मुभेचा’ पक्का समजू का? आणि कॉपीलेफ्टचं काय?

सायली_ऑफलाइन:
@लोणकढी, देठं हिरव्या मिरचीची की वाळक्या?