मदत हवी आहे: अपघाती मेंदूइजा झालेल्या मुलीच्या दिव्यांग प्रमाणपत्रात कोणता प्रवर्ग नोंदवावा?

माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना जिन्यावरून पडली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि तेव्हापासून तिची उजवी बाजू ताठर व कमजोर आहे. आता ती सहा वर्षांची आहे. घोट्याला स्प्लिंट लावून चालते, झटके येत नाहीत, बोलणे मात्र वयाच्या मानाने मागे आहे.

यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्रासाठी) अर्ज केल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाने तोंडी सांगितले की, इजा जन्मानंतर झाल्यामुळे 'सेरेब्रल पाल्सी' (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा कायमचा परिणाम) लिहिता येणार नाही, 'चलनवलन दिव्यांगत्व' लिहू. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांमध्ये मेंदूच्या अपघाती इजेचा स्वतंत्र उल्लेख नाही, आणि सेरेब्रल पाल्सीच्या व्याख्येत 'बहुधा जन्माआधी, जन्मावेळी किंवा जन्मानंतर लवकरच' असे शब्द आहेत. त्यातील 'बहुधा'कडे कोणी लक्ष देत नाही, असे मला वाटते. हा शब्दच्छल नाही, कारण राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची एक लाख रुपयांपर्यंतची 'निरामय' आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सीला लागू आहे, नुसते चलनवलन दिव्यांगत्व असल्यास ती मिळत नाही, आणि आमचा बहुतेक खर्च फिजिओथेरपी व वाचा-उपचारांवरच होतो.

एमआरआय, सीटी स्कॅन आणि डिस्चार्ज कार्ड आमच्याकडे आहे. न्यूरॉलॉजिस्टांनी 'अपघातोत्तर उजवा अर्धांगवात' असे लिहून दिले आहे. प्रमाणपत्र अजून निघालेले नाही, त्यामुळे आताच हालचाल करणे शक्य आहे. मुंबई-पुण्यास वारंवार जाणे आम्हाला जमणार नाही.

वयाच्या दोन वर्षांच्या आत मेंदूला इजा झालेल्या कोणाच्या मुलाला महाराष्ट्रात सेरेब्रल पाल्सीचे किंवा बहुदिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले आहे का, आणि त्यासाठी डॉक्टरांच्या पत्रात नेमके काय लिहून घ्यावे लागले?