मतपत्रिकेवरच्या कराआधी जनसुनावणी सक्तीची हवी का? (कॅलिफोर्निया)

खाडीकाठ:
इथल्या नगरपरिषदेला नवा कर मतदानाला टाकायचा असेल, तर आधी उघड बैठकीत लोकांना बोलू द्यावं लागतं. तोच कर नागरिकांनी मतदारांच्या सह्या गोळा करून मतपत्रिकेवर आणला, तर अशी बैठक लागत नाही. विशिष्ट कामासाठीच्या कराला एरवी दोन-तृतीयांश मतं लागतात. पण अपलँड शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेल्या निकालाचा आधार घेऊन अपील न्यायालयांनी सह्यांवर आलेल्या करांना साधं बहुमत पुरेसं मानलं. सॅन फ्रान्सिस्कोचा २०१८ चा बेघरांसाठीचा कर-प्रस्ताव 'प्रपोझिशन सी' साधारण ६१ टक्क्यांवर असाच टिकला. त्याचा हेतू मला मनापासून पटतो. पण मसुदा मोजके लोक ठरवतात आणि सह्या सुरू झाल्या की त्यातला शब्द बदलता येत नाही. म्हणून सह्यांच्या आधी एक जनसुनावणी सक्तीची करा.

रानवाट:
विरोध. संध्याकाळी सभागृहात येऊन कोण बसतं? ज्यांना सवड आहे ते, आणि ज्यांना वकील परवडतो ते. रात्रपाळीची नर्स येत नाही. तिला दुकानाच्या दारात गाठून सही मागतात, तेव्हाच तिला कोणी विचारलेलं असतं. आणि १९७८ चा प्रपोझिशन १३ सह्यांवरच आला ना? त्याने घरपट्टी करासाठी धरलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधली, शाळांचा पैसा आटला. करकपातीलाही सुनावणी लावणार का?

खाडीकाठ:
लावणार, अगदी तितकीच. राज्यपातळीच्या प्रस्तावांना २०१४ च्या कायद्याने ३० दिवस लोकांच्या सूचना घेणं आलंच आहे, आणि त्यानंतर मसुदा सुधारताही येतो. शहरांनीच काय घोडं मारलंय?

रानवाट:
त्या सूचना प्रस्ताव मांडणाऱ्यांकडे जातात. मानायचं बंधन कुठे आहे?

अबोली:
मी एच-वन-बी व्हिसावर आहे, सनीव्हेलला राहते. सेल्स टॅक्स मीही भरते. मत देता येत नाही, अशा अर्जावर माझी सही चालत नाही. सभागृहात मात्र माइकसमोर उभी राहिले, तर पासपोर्ट कोणी विचारत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या आपल्या कितीतरी लोकांना कराबद्दल अधिकृतपणे बोलायची तेवढीच जागा आहे. सह्यांच्या वाटेने आलेल्या करात तीही जाते. रानवाट, त्या नर्सची काळजी तुम्ही केलीत, आमचीही करा.

रानवाट:
अबोली, तुमचं म्हणणं वजनदार आहे. पण सक्ती आली की खटला आला. सुनावणीची नोटीस एक दिवस उशिरा लागली, की विरोधक कोर्टात. 'सी'चा पैसा खटल्यांपायी २०२० पर्यंत अडकून होता, आणि माणसं तोवर रस्त्यावर झोपत होती. आणखी एक पायरी वाढवली, तर आणखी एक फट उघडेल.

अबोली:
मग कायद्यातच लिहा, की नोटिशीच्या किरकोळ चुकीवरून मंजूर कर रद्द होणार नाही.

रानवाट:
किरकोळ काय, ते ठरवायला पुन्हा न्यायाधीशच लागेल. सुनावणी ऐच्छिक ठेवा, खर्च शहराने उचलावा, तर मी पाठिंबा देईन.

खाडीकाठ:
ऐच्छिक असेल, तर ज्यांचा मसुदा कच्चा आहे तेच ती टाळतील.