कात्री लागते कशाला?
'सरकारने खर्च कापला की व्याजदर उतरतात, मग खाजगी गुंतवणूक आपसूक येते,' असं सरकारी खर्चकपातीच्या बाजूने सांगितलं जातं. पुस्तकात बरोबर. पण पगार, पेन्शन, कर्जावरचं व्याज यांना सहसा हात लावता येत नाही. मग सापडतात रस्ते, पूल, नाले. केंद्राने 2024-25 साठी भांडवली खर्च (रस्ते-पुलांसारख्या टिकाऊ कामांवरचा) 11.11 लाख कोटी रुपये धरला होता, सुधारित अंदाजात तो 10.18 लाख कोटींवर आला. (निवडणुकीमुळेही कामं रखडली, मान्य.)

आमचं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनचं (लोखंडी कामाचं) छोटं वर्कशॉप. एका पुलाचं रेलिंग करून दिलं. ठेकेदाराचं बिल वर सरकारकडे अडकलं, म्हणून आमचंही. आठ महिने! दोन वेल्डर गावी गेले ते परत आलेच नाहीत, नाक्यावरच्या चहावाल्याची उधारी थकली ती वेगळी. अहो, खाजगी गुंतवणूक म्हणजे आम्हीच की! नवं बेंडिंग मशीन घ्यायचं ठरलं होतं, त्याचं कोटेशन अजून ड्रॉवरमध्ये पडलंय.

सरकारची तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त होणारा खर्च, वाढू द्या असं म्हणत नाही. 2020-21 मध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पादनाच्या) 9.2 टक्के होती, तिथून खाली यायलाच हवं होतं. पण बिलं थकवून तूट कमी दाखवणं याला बचत कसं म्हणायचं? ती आमच्याकडून घेतलेली बिनव्याजी उचल झाली. बँक मात्र आमच्या कॅश क्रेडिटवर (धंदा चालवायला घेतलेल्या कर्जावर) दर महिन्याला व्याज कापतेच.