परदेश दौरा: स्पर्धा की सहगायन?

गोदाकाठ, नांदेड: आमचा २४ जणांचा समूहगान संघ युरोपला जायचं म्हणतोय. भारूड, गवळणी, साथीला पेटी-तबला. स्पर्धेत उतरावं, की तिथल्या गायकांसोबत एकत्र गावं (सहगायन)?

षड्ज, लातूर: पहिल्या खेपेला नको. स्पर्धेच्या बऱ्याच गटांत साथीविना, चार आवाजांत (एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत) गावं लागतं. सगळ्यांनी एकाच सुरावटीत गायलेलं भारूड तिथं विनाकारण मागं पडतं. आणि वेल्ससारख्या ठिकाणी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढा.

पखवाज, बीड: सहगायनच करा! पालुपद रोमन लिपीत, अर्थासह, दोन महिने आधी तिथल्या गायकांना पाठवा. 'ळ' अडतो, म्हणून उच्चाराचं रेकॉर्डिंगही द्या. पेटी ४४० हर्ट्झची (पाश्चात्त्य 'ए' सूर ४४० हर्ट्झला लावलेली) न्या, नाहीतर त्यांच्या पियानोशी जुळणार नाही. तबल्याची हातोडी चेक-इन सामानातच ठेवा; केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.